झाड कुठं लावलं?

मी सातवी पास. त्या काळी आमच्या परभणी जिल्ह्यात शिकवायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून सातवी पास विधवेलाही नोकरी मिळाली. पुढं खात्यानं एकदा सुटीतल्या वर्गाला पाठवलं. तिथं महिनाभर बसून आले. बाकी कॉलेज वगैरे मी बाहेरून पाहिलं आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी काही शास्त्र सांगायला लागले असं कुणाला वाटायला नको.

सत्तर सालानंतरची सात-आठ वर्षं मी बोरीपासून दोन कोसांवरच्या एका गावात तिसरी-चौथीला होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडं. तिसरी-चौथी माझ्याकडं, एकाच खोलीत, एक तोंड पूर्वेला आणि एक पश्चिमेला करून बसवलेली.

चौथीला केंद्राची परीक्षा असे. आजूबाजूच्या गावांतली पोरं बैलगाडीतून भाकरी बांधून केंद्राच्या शाळेत जात आणि तिथं दुसऱ्या गावचे मास्तर पेपर तपासत. भाषेच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला, मुद्द्यांवरून गोष्ट लिहा. फळ्यावर पाच-सहा मुद्दे लिहून देत, मधे मधे आडव्या रेघा, आणि शेवटी एक शब्द, तात्पर्य. दहा मार्क.

या दहा मार्कांसाठी सगळ्या शाळांत एकच पद्धत होती. मास्तर बारा गोष्टी लिहून देत. पोरं त्या पाठ करत. बारातली एखादी यायचीच. आमच्या मोठ्या गुरुजींनीही मला त्यांची वही दिली होती. वही जुनी, तिच्यावर तेलाचे डाग. तिच्यातल्या गोष्टी मीही लहानपणी पाठ केलेल्या. मी ती एक वर्ष वापरली. पोरं घडाघडा म्हणत. एकाला मधेच थांबवून विचारलं, "राजा कुठं चालला होता रे?" तर तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. त्याला राजा कुठं चालला ते माहीतच नव्हतं. त्याला फक्त पुढची ओळ माहीत होती.

मग मी वही परत केली आणि माझ्या बापाची पद्धत काढली.

माझा बाप निरक्षर होता. पेडगावच्या बाजूला आमचं गाव. गावकीचं काम आमच्या घराकडं होतं. गावात काही घडलं, चोरी, मारामारी, विहिरीत कुणी सापडलं, की बापानं वर्दी, म्हणजे घडल्याची खबर, घेऊन परभणीला चालत जायचं आणि पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढं उभं राहून सगळं तोंडी सांगायचं. पुढं निजामाचं राज्य गेलं, अमीनाचा फौजदार झाला, बापाचं चालणं तेच राहिलं. कागद नाही. जे काही ते डोक्यात. म्हणून तो निघताना बोटं मोजायचा. अंगठा म्हणजे कोण. शेजारचं बोट कुठं, आणि त्याच बोटाच्या वरच्या पेरावर कधी. मधलं सगळ्यात लांब, ते काय अडलं. चौथं, मग काय केलं. करंगळी, शेवटी काय झालं.

एकदा त्याचं एक बोट राहिलं. शिवेवर एक बैल मरून पडला होता, विष घातल्याचा संशय. बाप धावत परभणीला गेला. अमीनानं विचारलं, बैल कुठं पडलाय, तुमच्या हद्दीत का पलीकडच्या? बापानं ते पाहिलंच नव्हतं. अमीनानं आल्या पावली परत पाठवलं. बाप भर उन्हात अनवाणी गावात आला, हद्दीवरचा धुऱ्याचा दगड पाहिला आणि तसाच पुन्हा परभणीला गेला. त्यानंतर तो आम्हा लेकरांनाही सांगायचा, "कुठं इचारल्याबिगर पाय उचलू न्हाई. कुठं कळल्यावर मग कुणाचं ते कळतं."

मी ही पाच बोटं वर्गात आणली. पोरांना गोष्ट म्हणजे पुस्तकातलं काहीतरी वाटे. मी म्हटलं, गोष्ट म्हणजे वर्दी. तुम्ही घरून शाळेत येईपर्यंत जे पाहिलं, ते पाच बोटांवर मोजून सांगा. तोंडी आलं की पाटीवर लिहा. पाटीवर जमलं की वहीत.

सुरुवातीला कठीण गेलं. पोरांना मधलं बोट सापडत नसे. 'मी उठलो. मी भाकर खाल्ली. मी शाळेत आलो.' यात अडलं काय? काहीच नाही. मग ही गोष्ट नाही, हजेरी आहे, असं मी सांगे. एका पोरानं लिहिलं, 'आम्ही मामाच्या गावाला चाललो. एसटी आली नाही. आम्ही घरी आलो.' मी त्याला शाबासकी दिली. दहा शब्दांची गोष्ट, पण त्यात अडलेलं होतं. वर्गातल्या एका मुलीची प्रत्येक गोष्ट 'मग ते जेवले आणि झोपले' इथं संपे. लग्न असो, साप निघो, चोरी होवो, शेवटी सगळे जेवून झोपत. तिला करंगळी समजवायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला.

मग वेगळाच ताप झाला. पोरांना अडलेलं सापडायला लागलं आणि ते घरीच सापडायला लागलं. कुणाच्या बापानं कुणाचा बांध कोरला, कुणाची आजी कुणाशी बोलत नाही, सगळं वहीत यायला लागलं. एक बाई कडेवर लेकरू घेऊन शाळेच्या दारात आली. "बाई, तुमी लेकराला काय शिकवायलाव? माझ्या सासूनं तेल लपवून ठेवलं ते आमच्या पोरीनं लिवलंय. सासूनं वाचून घेतलं शेजारच्या पोराकडून. आता दोन दिस झाले घरात चूल सरळ न्हाई." मी विचारलं, तेल लपवलं होतं का? ती म्हणाली, "लपवलं व्हतं. पण ते लिवायचं का?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी नियम केला, माणसांची नावं घालायची नाहीत. आजोबा, नातू, एक बाई, एक माणूस, एवढंच. गाव आपलं असलं तरी नाव नको. हा नियम पोरांनी पाळला. वहीतली भांडणं तशीच राहिली, पण घरी वाचून ती कुणाची ते कुणाला खात्रीनं सांगता येईना.

त्या वर्षी चौथीत कौसल्या होती. बारीक, काळी, डोक्याला तेल नाही, कडेवर कायम धाकटा भाऊ. भाऊ घेऊनच शाळेत येई. मी त्याला कोपऱ्यात बसवून खडूचा तुकडा देई, तो खडू खाई. तिचा बाप मारोती गावातल्या एका बड्या शेतकऱ्याकडं सालानं गडी होता. आई रोजानं जाई. कौसल्या हुशार होती. हुशार म्हणजे पाठांतरात नाही, पाठांतर तिचं वाईट होतं. ती विचारायची. मी सांगितलेल्या गोष्टीत एखादं बोट रिकामं राहिलं की ती लगेच हात वर करी. "बाई, ती म्हातारी राहायची कुठं?" मी चिडायचे आणि उत्तरही द्यायचे.

आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा. पाचवीला बोरीला जावं लागे. पोरं चालत जात, पोरी घरी बसत. कौसल्येची मावशी बोरीला होती आणि ती ठेवून घ्यायला तयार होती. मी मारोतीला गाठलं. तो नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. धाकटं कोण सांभाळील, असं विचारलं. मी मागं लागले, तेव्हा त्यानं शब्द दिला. "केंद्रात पैला नंबर आला तर पाठवतो. मग मालकाला बी सांगता येतं, पैली आली म्हणून पाठवायलोय. न्हाई आला तर घरीच बरी."

मला वाटलं, झालं काम. गणितात तिच्या जवळ कुणी नव्हतं. गोष्टीत तर माझ्याच हाताखालची. इतर शाळांची पोरं बारा पाठ गोष्टी घेऊन येणार, माझी पोरं पाच बोटं घेऊन. मला त्याचा अभिमान होता. मोठ्या गुरुजींनी एकदा सुचवलं, बाई, परीक्षेपुरत्या त्या वहीतल्या गोष्टी एकदा वाचून तरी दाखवा. मी म्हटलं, गरज नाही. ही माझी पहिली चूक. दुसरी निघायला निकाल लागावा लागला.

परीक्षेत मुद्दे आले ते असे: आजोबा व नातू – आंब्याचे रोप लावणे – वाटसरूचा प्रश्न – आजोबांचे उत्तर – वर्षांनंतर फळे – तात्पर्य. वहीतली सातवी गोष्ट. वाटसरू विचारतो, तुम्ही म्हातारे, याची फळं तुम्हाला कुठं मिळणार? आजोबा म्हणतात, मी दुसऱ्यांनी लावलेल्या झाडांची फळं खाल्ली, आता पुढच्यांसाठी लावतो. तात्पर्य, दुसऱ्यांसाठी झाडे लावावीत. केंद्रातल्या सगळ्या पोरांनी हेच लिहिलं असणार.

निकाल लागला. कौसल्या तिसरी. भाषेत मार्क कमी. मी दुसऱ्या दिवशी केंद्राच्या गावी गेले. तपासणारे गुरुजी तिथंच होते, वयानं मोठे, सभ्य माणूस. मी पेपर दाखवा म्हटलं. त्यांनी गठ्ठ्यातून काढून दिला. गोष्टीपुढं लाल शाईत शून्य आणि शेरा, 'मुद्द्यांबाहेर'.

तिनं लिहिलं होतं ते मला जवळजवळ तसंच आठवतं. एक आजोबा होते. ते दुसऱ्याच्या शेतात कामाला होते. त्यांनी मालकाच्या बांधावर आंब्याचे रोप लावले. वाटसरूने विचारले, याची फळे कोण खाणार? आजोबा म्हणाले, माझा नातू खाईल. पुष्कळ वर्षांनी फळे आली. नातवाने खाली पडलेला एक आंबा उचलला. मालकाने त्याचा कान धरला. आजोबा म्हणाले, झाड मी लावले. मालक म्हणाला, झाड तुझे, बांध माझा. नातवाने आंबा खाल्ला व कोय शाळेच्या आवारात लावली, कारण शाळा कोणाची नाही. तात्पर्य, झाड लावण्याआधी जागा कोणाची ते विचारावे.

पाचही बोटं होती. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

मी म्हटलं, "गुरुजी, यात शून्य कशाचं?"

"बाई, मुद्द्यांत मालक आहे का? बांध आहे का?"

"मुद्द्यांत जागाच दिलेली नाही. मग झाड काय आभाळात लावलं?"

ते हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, तात्पर्य बघा ना तुम्ही. झाडं लावा म्हणून शिकवायचं, आणि ही पोरगी म्हणते आधी चौकशी करा. उद्या सगळ्यांनी असं लिहिलं तर एकही झाड लागायचं नाही. मी बरंच भांडले. शेवटी त्यांनी अक्षर चांगलं म्हणून दोन मार्क दिले. दोन मार्कांनी तिसरीची दुसरी झाली. पहिल्या आलेल्या पोरानं सातवी गोष्ट स्वल्पविरामासकट उतरवली होती, तो पेपरही मी पाहिला.

परत येताना मी कौसल्येवर चिडले होते, हे खरं सांगते. शाळेत आल्यावर तिला विचारलं, असं का लिहिलं गं? तिनं हात पुढं केला आणि दुसरं बोट दाखवलं. "बाई, हे रिकामं व्हतं. फळ्यावर कुठं न्हवतंच. मग मी घातलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची चूक नव्हती. परीक्षेत फळ्यावर जे नसतं ते कुणाला नको असतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला ते ठाऊक होतं. इतर मास्तरांना ठाऊक होतं, म्हणूनच ते पाठ करून घेत. मी एकटीच शहाणी निघाले, आणि त्याचा दंड त्या पोरीला.

त्याच दुपारी मी कौसल्येला घेऊन मारोतीकडं गेले. शेतातल्या गोठ्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. मालकाच्या आखाड्यावर तो अंबाडीचा दोर वळत बसला होता. कौसल्या भावाला कडेवर घेऊन माझ्या मागं उभी. मी काही गोल फिरवून बोलले नाही. पहिला नंबर आला नाही, दुसरा आला, आणि चूक माझी आहे, म्हटलं.

"तुमची कशी?"

मी सांगितलं. त्याला मुद्दे, तात्पर्य यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, काय लिवलं ते तरी सांग गं. कौसल्येनं गोष्ट सांगितली, जशी लिहिली तशी. बोटं मोजत.

मारोतीचा हात दोरावर थांबला. आखाड्यापासून हाकेच्या अंतरावर बांध होता आणि बांधावर एक आंबा. मी तो रोज पाहत होते. मला माहीत नव्हतं की तो त्याच्या बापानं लावलेला आहे. बापही त्याच घरी सालानं होता. आणि ज्याचा कान धरला गेला तो नातू म्हणजे कौसल्येचा थोरला भाऊ, जो आता गुरांमागं होता. हे मला मारोतीनं सांगितलं नाही. त्यानं झाडाकडं पाहिलं, कौसल्येनंही तिकडंच पाहिलं, मग मी विचारलं आणि तिनं सांगितलं.

"हे कोण कोण वाचलंय?" मारोतीनं विचारलं.

"तपासणारे गुरुजी आणि मी."

"मालकाचं नाव हाय त्यात?"

"नाही. नावं घालायची नाहीत असा माझा नियम आहे."

"नाव न्हाई, पण झाड हाय की."

त्यानं दोर बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले तेव्हा तो म्हणाला, "बाई, हिला बोरीला धाडा."

मला वाटलं, पोरीचा अभिमान वाटला. तसलं काही नव्हतं. तो पुढं म्हणाला, "हितं ठिवली तर ही एक दिस मालकाच्या तोंडावर हेच सांगंल. माझं साल जाईल. बोरीला कुणाचा बांध कुणाचा, हिला काय ठावं? तिथं बोलंना किती बी."

कौसल्या म्हणाली, "आबा, तिथं बी इचारता येतं."

"गप," मारोती म्हणाला. पण हसला.

कारण कोणतं का असेना, मला त्याच्याशी घेणं नव्हतं. मी शाळेत गेले, दाखल्याचं पुस्तक घेतलं, आणि ऊन उतरायच्या आत आखाड्यावर परत येऊन मारोतीचा अंगठा घेतला. उद्यापर्यंत थांबले असते तर बायकोनं धाकट्याचं काय म्हणून विचारलं असतं. धाकट्याला मी वर्षभर माझ्याच वर्गात कोपऱ्यात बसवला. त्यानं किती खडू खाल्ले याचा हिशेब नाही.

कौसल्या बोरीला दहावीपर्यंत शिकली. आधीच सांगते, ती कलेक्टर वगैरे झाली नाही. दहावीला एकदा नापास झाली, मग पास झाली. पूर्णेला दिली, नवरा रेल्वेत.

शाळेच्या आवारात आंबा आहे का, असं मला ही गोष्ट ऐकणारे विचारतात. नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन-तीन पोरांनी ती गोष्ट ऐकून खरोखर कोया लावल्या होत्या. त्यांना पानं फुटली, ती शेळ्यांनी खाल्ली. कोणाच्याच नसलेल्या जागेत शेळ्या सगळ्यांच्या येतात. बांधावरचा आंबा मालकाच्या मुलानं पुढं तोडून विकला.

आता राहिलं ते सांगते.

पुढच्या वर्षी पुन्हा चौथीत दोन पोरी होत्या ज्यांच्या बापांनी असेच शब्द दिले होते. मी वर्षभर पाच बोटं शिकवली. परीक्षेचा आठवडा आला तेव्हा वर्गाला उभं केलं आणि सांगितलं, केंद्राच्या पेपरात फळ्यावर कुठं लिहिलेलं नसेल तर आपण विचारायचं नाही. दुसरं बोट मुडपून घ्या. सगळ्यांनी हात वर करून बोट मुडपून दाखवलं. मोठ्या गुरुजींकडून ती तेलकट वही मागून आणली आणि बाराही गोष्टी वाचून दाखवल्या. गुरुजींनी मागच्या वर्षीचं बोलून दाखवलं नाही, हे त्यांचे उपकार.

निकाल चांगला लागला. दोघी पोरी बोरीला गेल्या. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेरेबुकात लिहिलं की बाईंचा भाषेचा वर्ग केंद्रात उत्तम आहे. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, वेगवेगळ्या गावांत, दरवर्षी परीक्षेच्या आठवड्यात मी पोरांना ते बोट मुडपायला लावलं. किती पोरांनी परीक्षेनंतर ते पुन्हा उघडलं, मला माहीत नाही. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना पूर्णेच्या स्टेशनावर कौसल्या भेटली. मी परभणीच्या गाडीची वाट पाहत होते. ती अंगानं भरलेली, हातात डबा, बरोबर पोरगी. मीच आधी ओळखलं नाही. पाया पडायला लागली, मी नको म्हटलं. पोरगी चौथीला होती. कौसल्येनं तिला सांगितलं, या त्या बाई. मग मला विचारलं, "बाई, अजून पाच बोटं शिकवता का?"

पोरगी माझ्या हाताकडं बघत होती.

मी म्हटलं, शिकवते. गाडी आली, मी चढले. परीक्षेच्या आठवड्यात चारच असतात, हे मी तिला सांगितलं नाही.